कुटुमसरला बदली

ज्या माशाची जगाला पहिली ओळख पुण्यात झाली, त्याच माशाच्या एका शाखेने बस्तरमध्ये बिऱ्हाड थाटलं आणि तिथे डोळे टाकून दिले. ही हकिगत मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगतो तेव्हा ते माशाबद्दल काहीच विचारत नाहीत. ‘पुणं सोडल्यावर आणखी काय होणार!’ एवढंच म्हणतात आणि त्यांच्यापुरता विषय संपतो.

आम्ही रायपूरची मराठी माणसं. आमच्यापुरता तो इतक्यात संपत नाही.

फ्रान्सिस डे हा इंग्रजांच्या फौजेतला डॉक्टर. रोग्यांपेक्षा माशांवर त्याचा जीव जास्त. हिंदुस्थानातल्या नद्या, ओढे आणि मासळीबाजार पालथे घालून त्याने हजाराहून अधिक जातींची वर्णनं लिहून ठेवली. 1872 साली पुण्याकडच्या एका बोटभर माशाला त्याने शास्त्रीय नाव दिलं आणि त्यात कर्नल इव्हेझार्ड नावाच्या साहेबाला अमर करून टाकलं. नेमाकिलस इव्हेझार्डी. पुढे त्यातलं पहिलं नाव बदलून इंडोरिओनेक्टिस झालं, साहेब मात्र जागचा हलला नाही. मासा अगदी साधा. तोंडाशी मिशा, मुक्काम ओढ्याच्या तळाशी दगडाखाली, बाजारात पत शून्य. संध्याकाळ झाल्याशिवाय तो फारसा बाहेरही पडत नाही. दुपारी एक ते चारचा विनोद इथे सहज करता आला असता, पण शास्त्रीय विषयात थोडी शिस्त पाळलेली बरी.

गोतावळा मोठा आहे. 2021 मध्ये अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या या कुळाची नीट छाननी केली, तेव्हा पाच नव्या जाती वेगळ्या निघाल्या. एकीला कळसूबाईचं नाव मिळालं, एकीला राधानगरीचं. एकाच सातबाऱ्यावर इतके हिस्सेदार निघाले आणि कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही, असं मराठी मुलखात प्रथमच घडलं असावं.

आता बस्तरची शाखा. रायपूरहून जगदलपूर साधारण तीनशे किलोमीटर. धमतरी, कांकेर करत केशकाळचा घाट चढायचा, जगदलपूर गाठायचं आणि तिथून पुढे कांगेर घाटीच्या जंगलात शिरायचं. 1982 साली हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या पोटात चुनखडीची कुटुमसर गुहा आहे. 1950 च्या दशकात भूगोलाचे अभ्यासक शंकर तिवारी यांनी तिचा धांडोळा घेतला. गुहेत एक लांबच लांब मिशांचा रातकिडा सापडतो, त्याच्या शास्त्रीय नावात तिवारींचं नाव आहे. केम्पिओला शंकरी. माणसं रस्त्याला किंवा चौकाला आपलं नाव मिळावं म्हणून धडपडतात. त्यांचे फलक सरकार बदललं की बदलतात. किड्याचं तसं नसतं.

गुहेत वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि जाऊही नये. आत शिरायचं तोंड इतकं अरुंद की पोट आत घेऊन, मान वाकवून, ‘सांभाळा हं’ म्हणत म्हणत उतरावं लागतं. माझ्याबरोबर पुण्याचे मामा होते. त्यांनी उतरताना शनिवारवाड्यापासून सिंहगडापर्यंत सगळ्या पायऱ्यांशी तुलना केली आणि कुटुमसरच्या पायऱ्यांना नापास केलं. खाली गेल्यावर मात्र त्यांचं बोलणं थांबलं. वाटाड्याने दिवा क्षणभर विझवला होता. असा अंधार शहरात मिळत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागतं.

मग दिवा लागला आणि पाण्याच्या एका डबक्यात फिकट, रंग उडालेले चार-दोन मासे दिसले. कोणाचे डोळे नुसतेच बारीक झालेले, कोणाचे दिसतच नाहीत. मामांनी विचारलं, ‘इनकी आँखें कहाँ गईं?’

वाटाड्या धुरवा आदिवासींतला पोरगा. गुहेत लहानाचा मोठा झालेला. म्हणाला, ‘आँख का यहाँ काम ही क्या है, साहब?’

मामा वर येईपर्यंत गप्प होते. वर आल्यावर म्हणाले, ‘अरे, पण म्हणून डोळे कोणी सोडतं का?’

मामांचा प्रश्न सोपा नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेच्या भिंतीवरचं ते चित्र घट्ट बसलेलं आहे. डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ माकड, मग केस कमी झालेला कोणीतरी, आणि शेवटी भाला घेतलेला रुबाबदार माणूस. चित्रातला हा शेवटचा गृहस्थ नेहमी पुढे बघत चाललेला असतो, बहुधा पेन्शनच्या दिशेने. हे चित्र बघून आपण ठरवून टाकलं की उत्क्रांती म्हणजे बढती. आज शिपाई, उद्या कारकून, परवा साहेब. त्या हिशोबाने मासा डोळे गमावतो म्हणजे साहेबाचा शिपाई होतो. मामांना दुःख झालं ते त्याचं.

पण या खात्यात बढती नावाचा प्रकारच नाही. आहे ती बदली. हुकूम येतो, कारण कोणी सांगत नाही, टी.ए.-डी.ए. मिळत नाही. नव्या गावी जे चालत नाही ते मागे टाकावं लागतं आणि जे हाताशी आहे त्यात भागवावं लागतं. कोणी मुद्दाम डोळे सोडत नाही. उजेडातल्या ओढ्यात एखादं पिल्लू अधू डोळ्यांचं जन्मलं तर बगळा त्याला उचलतो आणि त्या दोषाची पुढची पिढी निघत नाही. गुहेत बगळा नाही. तिथे अधू डोळ्यांचं पिल्लूही मोठं होतं, संसार करतं आणि दोष पुढे देतं. हजारो पिढ्या असे दोष साठत गेले की डोळा हा अवयव कागदोपत्रीच उरतो. डार्विनने 1859 च्या ग्रंथात गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांबद्दल लिहिताना दृष्टी गेली ती वापर नसल्यामुळे, असंच म्हटलं होतं. पण एक दुसरी बाजूही आहे, ती पैशाची. म्हणजे ऊर्जेची. डोळा आणि त्यामागचा मेंदू हे फार खर्चिक प्रकरण. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या अशाच एका आंधळ्या माशाचा अभ्यास झाला, त्यात लहान माशाला नुसतं पडून राहायला जी ऊर्जा लागते तिच्यातला 15 टक्क्यांपर्यंतचा भाग दृष्टीवर खर्च होतो असं निघालं. कुटुमसरला खायला मिळतं ते पावसाळ्यात पुराबरोबर वाहून आलेलं आणि वटवाघळांच्या कृपेने पडलेलं. इतक्या तुटपुंज्या पगारात कोण दिव्याचं बिल भरत बसेल?

मेक्सिकोच्या माशांची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करतो, कारण ती लग्न जमवणाऱ्या मंडळींच्या कामाची आहे. या माशांच्या गर्भात डोळा आधी तयार होऊ लागतो आणि मग त्याचं भिंग मरतं, त्यापाठोपाठ डोळा खंगत जातो. 2000 साली दोन संशोधकांनी उजेडात राहणाऱ्या माशाच्या गर्भातलं भिंग काढून गुहेतल्या माशाच्या गर्भात बसवलं, तर डोळा चांगला वाढला. म्हणजे सामान सगळं होतं, फक्त चालू करायला कोणी नव्हतं. त्याहून मोठी गंमत 2008 साली झाली. दोन वेगवेगळ्या गुहांमधले आंधळे नर-मादी एकत्र ठेवले. आई आंधळी, बाप आंधळा, आजे-पणजे आंधळे. पिल्लांपैकी काहींना दिसायला लागलं! कारण एका गुहेत जो जनुक बिघडला होता तो दुसऱ्या गुहेत शाबूत होता आणि तिथे वेगळाच बिघडलेला होता. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. स्थळ आपल्याच गुहेतलं पाहिजे, फार तर शेजारच्या दगडाखालचं चालेल, असा आग्रह धरणाऱ्यांना मी ही माहिती आवर्जून देतो. त्यावरही एका काकूंनी विचारलं, ‘पण पत्रिका पाहिली होती का?’

कुटुमसरच्या माशांना मात्र मेक्सिकोला जावं लागलं नाही. त्यांचे अभ्यासक रायपुरातच निघाले. आमच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात सजीवांच्या शरीरातल्या घड्याळावर काम करणारी मंडळी होती. जयंत बिस्वास, अरुण पती आणि त्यांचे सहकारी. 1980 चं दशक संपताना त्यांनी या माशांपुढे एक फार सरळ प्रश्न ठेवला. तुमच्याकडे दिवस उगवत नाही, मावळत नाही, मग वेळ कशी कळते? सूर्य नाही तर घड्याळही गेलं असेल, असं कोणालाही वाटेल. तसं निघालं नाही. मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात, त्यातही एक दैनंदिन लय सापडली. आणि खायला द्यायची वेळ बदलली की त्यांच्या घड्याळाचे काटेही त्याप्रमाणे सरकतात, असं दिसलं.

हे वाचलं तेव्हा मला त्या माशांबद्दल एकदम आपुलकी वाटली. डोळे गेले, रंग गेला, पण जेवणाची वेळ चुकली नाही. मूळ मराठी असल्याचा याहून सज्जड पुरावा मला तरी नको.

कारण आमचंही असंच झालं आहे. 1741 साली भास्करपंत नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन छत्तीसगडात उतरले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघू लागले. 1818 नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. फौजेमागून कारकून आले, कारकुनांमागून वकील, वकिलांमागून मास्तर, आणि मास्तरांमागून पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्यांच्या आत्या-मावश्या. तात्यापाऱ्यात घरं झाली. पुढे रेल्वे आली, बँका आल्या, भिलाईचा पोलाद कारखाना आला, आणि दर वेळी ‘दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे, मग परत’ असं म्हणून आणखी काही कुटुंबं उतरली. ती दोन-तीन वर्षं अजून चालू आहेत.

या मुक्कामात काय काय गळालं त्याची यादी करायची तर पहिला नंबर ‘ळ’चा. आसपास सगळी हिंदी आणि छत्तीसगढी. तिथे ‘ळ’ कोणी मागत नाही. तिसऱ्या पिढीला तो उच्चारायला जीभ मागे वळवावी लागते, आणि गरज नसताना जीभ कोण वळवणार? पोरं ‘शाला’त जातात, ‘केली’ खातात. कुटुमसरच्या माशाचे डोळे गेले, आमच्या पोरांचे ‘डोले’ झाले. बाजारात मुनगा मागायचा आणि घरी आल्यावर त्यालाच शेवग्याची शेंग म्हणायचं, हे आम्हाला आता दोन कल्ल्यांनी श्वास घेण्याइतकं सवयीचं झालं आहे. मे महिन्यात तर रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे बोरे-बासी, कांदा आणि हिरव्या मिरचीबरोबर खाऊन आम्ही पंख्याखाली आडवे होतो. पुण्याच्या मामांना ते दाखवलं तेव्हा ‘शिळा भात?’ असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी उन्हाचा पारा चढल्यावर त्यांनीच वाटी पुढे केली. म्हणजे मामांच्या बाबतीत हे काम तीन दिवसांत झालं, डार्विनला उगाच लाखो वर्षं लागतात असं वाटायचं.

गळालं तसं टिकलंही. दसऱ्याला सोनं वाटायची रीत इकडे रुजली ती बिंबाजींच्या काळात, असं सांगतात. माधवराव सप्रे यांनी तर कमालच केली. घरची बोली मराठी, आणि 1900 साली पेंड्र्यासारख्या आडगावातून मासिक काढलं ते हिंदी, ‘छत्तीसगढ मित्र’. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचं नाव आज आदराने घेतलं जातं. उजेडातला ओढा सोडून दुसऱ्याच पाण्यात जाऊन तिथला पट्टीचा पोहणारा व्हायचं, ही बदली अशी एखाद्यालाच लाभते.

बाकी जीवसृष्टीत बदलीचे किस्से असे काही आहेत की आपल्या खात्यातल्या लोकांनी गप्प बसावं. कांगेर घाटीतच पिसोरी हरीण राहतं. कॅमेऱ्याच्या सापळ्यात त्याचं छायाचित्रही मिळालं आहे. सशाहून थोडं मोठं, शिंगं नाहीत, अंगावर पांढरे ठिपके, आणि स्वभाव असा की पान पडलं तरी पळून जावं. असंच दिसणारं, साधारण मांजराएवढं एक जनावर सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वी काश्मीरकडच्या भागात राहत होतं. रंगाराव नावाच्या भूशास्त्रज्ञांनी 1971 साली त्याला इंडोह्यूस नाव दिलं. त्यांनी गोळा केलेले कितीतरी दगड मात्र फोडायचे राहूनच गेले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते सांभाळले आणि हान्स थ्यूविसन या संशोधकाच्या हवाली केले. आमच्या घरी असते तर त्यातले बरेसे दोन लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून गेले असते आणि उरलेले तुळशीवृंदावनाच्या पायाला. थ्यूविसन यांच्या प्रयोगशाळेत साफसफाई करताना एक कवटी मदतनिसाच्या हातून तुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. ते हाड होतं देवमाशासारखं! 2007 साली जगाला कळलं की देवमाशाचा सर्वांत जवळचा जुना नातेवाईक हा असा, चार खुरांवर पळणारा आणि भित्रा होता. त्याची हाडं जड होती, पाण्यात तळाशी टिकून राहायला सोयीची. शत्रू दिसला की बहुधा पाण्यात उडी मारत असावा. आफ्रिकेतलं पाण-पिसोरी आजही तेच करतं.

म्हणजे भीतीपोटी पाण्यात शिरलेल्या घराण्याच्या आप्तांमधून पृथ्वीवरचं सर्वांत मोठं जनावर निघालं. शौर्याच्या गोष्टींवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचायला जड गेलं. पण बदलीचे नियम देवमाशालाही चुकले नाहीत. मागचे पाय गेले, कमरेची दोन चिमुकली हाडं तेवढी मांसात अडकून राहिली. आणि एवढा मोठा संसार समुद्रात थाटूनही श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. पाच कोटी वर्षं झाली, मूळ गावाशी असलेलं येणं-जाणं सुटत नाही. दिवाळीत पुण्याच्या गाडीचं आरक्षण मिळवताना मला या प्राण्याची फार आठवण येते.

लग्नसराईत रायपूरच्या दुकानांत कोशाच्या साड्यांची जी झुंबड उडते, तिच्यामागेही असाच एक चमत्कारिक संसार आहे. चांपा-कोरब्याकडचा कोसा म्हणजे टसर. अळी अर्जुन आणि ऐनाची पानं खाते, खाते, आणि खातच राहते. मग स्वतःभोवती कोश विणते. त्यातून जो पतंग बाहेर येतो, त्याला कामाचं तोंडच नसतं. खायचं नाही, प्यायचं नाही. आयुष्य मोजक्या दिवसांचं, त्यात फक्त जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि आटोपायचं. अळीने पोटात भरून ठेवलेल्या शिदोरीवर सगळं भागतं. नैसर्गिक निवडीने तोंड हा अवयव काटकसरीच्या यादीत टाकला आणि प्रजनन ठेवलं. आमच्या मंडळातल्या एका वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘तोंड नसलेला नवरा! कुठे मिळतो?’ मी त्यांना हे सांगितलं नाही की लांब धागा हवा असेल तर कोश पतंग बाहेर पडायच्या आतच उकळतात. साडी त्यांनी नुकतीच घेतली होती.

बस्तरच्या आठवडी बाजारात पानांच्या दोन्यात तांबड्या मुंग्या विकायला बसतात, चापड्याच्या चटणीसाठी. या मुंग्या झाडावर पानं शिवून घरं बांधतात. शिवायला दोरा लागतो, तो प्रौढ मुंगीकडे नसतो. म्हणून त्या आपल्या अळ्या तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं चिकटवतात. दुसऱ्या जातीतल्या कितीतरी अळ्या हेच रेशीम स्वतःच्या कोशासाठी वापरतात. या बिचाऱ्या ते घरकुलाला देऊन उघड्यावर वाढतात. बालमजुरीचा कायदा इथे लागू नाही. मग माणसं हे सगळं कुटुंब मिरची-मिठाबरोबर वाटतात. आंबट लागतं, झणझणीत लागतं, आणि मी दुसऱ्यांदाही मागून घेतलं.

माणूस या खात्यात लुडबूड करायला लागतो तेव्हा खरी मजा येते. छत्तीसगडचा राज्यपशू रानम्हैस. गावच्या म्हशीची ही जंगली पणजी, मोठ्या रुंद शिंगांची. उदंतीच्या जंगलात तिची संख्या इतकी घसरली की आशा नावाच्या एकाच मादीवर सगळ्यांची भिस्त येऊन ठेपली. आशाला वासरू होणार म्हटलं की वन खात्याचं सगळं दालन देव पाण्यात घालून बसायचं, आणि आशाला पुन्हा रेडकू व्हायचं ते नर. मुलगी व्हावी म्हणून सरकारी पातळीवर इतकी वाट पाहिली जाण्याची ही देशातली पहिली वेळ असावी. शेवटी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत आशाच्या पेशीपासून क्लोन करायचं ठरलं. त्यात पेशीचा गाभा आशाचा आणि अंडपेशी पाळीव म्हशीची. 12 डिसेंबर 2014 रोजी जी वासरी जन्मली तिचं नाव दीपआशा. 2018 मध्ये तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणलं गेलं.

आणि मग सुरू झाला तो वाद प्रत्येक बारशाला होतो. ‘कोणावर गेली?’ वन्यजीवप्रेमी म्हणू लागले, ही तर पाळीव मुऱ्हा म्हैस दिसते! शिंगं बघा, अंग बघा, रंग बघा. दुसरी बाजू म्हणे, आई ती आई, मोठी होऊ द्या. वारसाहक्काचा प्रश्न डीएनए तपासणीपर्यंत गेला. गोत्र एकीचं, कूस दुसरीची, संगोपन तिसऱ्याच राज्यात, आणि आता सासर म्हणा की माहेर, ते आमच्या शहरात. मी तरी दीपआशाच्या बाजूने आहे. रायपूरच्या किती मराठी मुलांना नागपूरला गेल्यावर ‘तू आमच्यातला वाटत नाहीस’ हे ऐकावं लागतं, ते मला माहीत आहे. दरम्यान आसामच्या मानसमधून रानम्हशी आणून बारनवापाऱ्याच्या जंगलात ठेवल्या आहेत. त्याही बदलीवरच आल्या आहेत. भाषेची अडचण नाही, इतकंच.

राज्यपक्षी पहाडी मैनेचं याहून उलट. तिच्यात नर आणि मादी दिसायला एकसारखे, इतके की जगदलपूरला पिंजऱ्यात त्यांची पैदास करू पाहणारे वर्षानुवर्षं चक्रावून गेले. जंगलात ती आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आवाज उचलते, इतर पक्ष्यांची नक्कल करत बसत नाही. माणसाच्या पिंजऱ्यात आली की मात्र माणसासारखी बोलायला लागते. यात दोष कोणाचा, ते मैनेला विचारू नये. ती उत्तर देईल.

तर, कुटुमसर. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरतं म्हणून ती बंद असते. हिवाळ्यात उघडली की जरूर जा. वाटाड्या घ्या आणि त्याला ठरलेल्या पैशांपेक्षा थोडे जास्त द्या. छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या खांबांना हात लावू नका, त्यांना बोटभर वाढायला आपल्या कित्येक पिढ्या लागतात. माशांच्या तोंडावर मोबाइलचा झोत मारू नका. आणि प्रेमाने म्हणून बिस्किटाचा तुकडा, चिवडा, उरलेली पोळी असलं काहीही त्या पाण्यात टाकू नका. त्यांचा दिवस जेवणाच्या वेळेवर चालतो. अवेळी खायला घालून त्यांचं घड्याळ बिघडवायचा अधिकार आपल्याला नाही, भले मासे मूळचे आपल्याकडचे का असेनात.